तेराशे तेहतिसावी जागा

मामाने दगड पुन्हा मोजले आणि पुन्हा तोच आकडा आला. तेराशे एकतीस.

"मेलो," मामा म्हणाला आणि त्याने कुबडी वाळूत आपटली. "जगात इतके आकडे आहेत, ह्यांना नेमका हाच सापडला!"

मला कळेना, झालं काय. माणशी एक दगड ओढ्यातून उचलून आणायचा असं ठरलं होतं, तसा सगळ्यांनी आणला होता. तान्ह्या पोरांचे त्यांच्या आयांनी आणले होते. युद्धात आमची चार गावं जळाली. कोणी सीमेपलीकडे झांबियातल्या छावणीत दिवस काढले, कोणी जंगलात. आता त्या चारांचं मिळून एक नवं गाव वसवायचं होतं, आणि एवढी माणसं जिवंत परत आली ह्याचाच मला आनंद होता.

"तोंडाकडे काय बघतेस? फोड त्या आकड्याला," मामा खेकसला.

मी वाळूत बोटाने भागाकार मांडायला बसले. दोनाने जाईना, तिनाने जाईना, पाच आणि सातानेही नाही. अकराने गेला. अकरा गुणिले एकशे एकवीस. आणि एकशे एकवीस म्हणजे परत अकरा गुणिले अकरा.

"अकराच्या आत अकरा, त्याच्या आत परत अकरा," मी म्हटलं.

"म्हणजे एकच कूळ. बाप अकरा, आई अकरा, सासू अकरा. असलं लग्न लावतो का आपण?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मीही कपाळाला हात लावला.

आमच्याकडे गाव वसवताना मुयोंबोची, म्हणजे पूर्वजांच्या झाडाची, फांदी रोवतात. ते सगळेच करतात. पण आमच्या चार गावांत त्याआधी रेघ ओढावी लागते. सगळ्यांचे दगड वाळूवर आडव्या-उभ्या ओळींत मांडायचे, दोन दगडांत एका ढांगेचं अंतर ठेवून. मग रेघ ओढणाऱ्याने काठीचं टोक वाळूत टेकवायचं आणि तिरकं चालत सुटायचं, दोन-दोन दगडांच्या बरोबर मधून. कड आली की वळायचं, परत तिरकं. थांबायचं नाही, बोलायचं नाही, काठी उचलायची नाही. एकूण एक दगडाला चारही बाजूंनी वेढून रेघ जिथून निघाली तिथे येऊन मिळाली पाहिजे. मग सोबा, म्हणजे आमचा प्रमुख, मोठ्याने विचारतो, "कोणी बाहेर राहिलं का?" आणि सगळ्यांनी सांगायचं, "कोणी नाही." असं तीनदा झालं की गाव वसलं. शेतं वाटायची, घरं बांधायची, कोणाला कुठे पुरायचं ते ठरवायचं, हे सगळं त्यानंतर.

रेघ एकच येते की तिचे तुकडे पडतात, हे आडव्या ओळी किती आणि उभ्या किती ह्यावर ठरतं. दोन्हींना भागेल असा एखादा आकडा निघाला, की रेघ अर्ध्यातच स्वतःला येऊन मिळते आणि उरलेले दगड उघडे पडतात. त्यांच्यासाठी दुसरी रेघ, मग तिसरी. अकरा आडव्या आणि एकशे एकवीस उभ्या मांडल्या तर अकरा रेघा होतात. एका गावात अकरा गावं. तसं गाव पहिल्याच भांडणात फुटतं, असं आमची माणसं मानतात, आणि माझ्या आजीने असं एक गाव फुटताना पाहिलं होतं.

"सगळे एकाच सरळ ओळीत मांडले तर?" मी विचारलं.

"रेघ एकच येईल," मामा म्हणाला. "आणि तुझ्या खापरपणज्याला गळ्यात लाकूड अडकवून गुलाम म्हणून समुद्राकडे नेलं, तेसुद्धा एकाच ओळीत. जा, सांग लोकांना, तसे उभे राहा म्हणून."

मी वाळूतले आकडे पुसले.

रेघ ओढणार होते मी. खरं तर हे काम पुरुषांचं, आणि मामाकडून भाच्याकडे जायचं. पण मामाचा उजवा पाय सुरुंगात गेलेला, आणि माझा भाऊ राजधानीत, लुआंडाला टॅक्सी चालवतो. तो सरळ म्हणाला, रेघा ओढून पोट भरत नाही. छावणीत करण्यासारखं काही नव्हतं तेव्हा मामाने मला शिकवलं. आधी पुरुषांनी नाकं मुरडली, मग एकेक करून गप्प झाले, कारण दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

आणि आता खरं दुखणं सांगते. त्या तेराशे एकतिसांत माझी आई नव्हती.

छावणीत गोवराची साथ आली होती. आई झाडपाला द्यायची, लोक रात्रीअपरात्री तिलाच हाक मारायचे. मुतोंबो नावाची एक बाई आहे आमच्यात, तिच्या चार वर्षांच्या मुलीलाही आईने पाला दिला. मुलगी गेली. त्या महिन्यात अशी किती पोरं गेली, पाला घेतलेली आणि न घेतलेलीही. पण मुतोंबोने टाहो फोडला की ह्या म्हातारीने माझं पोर खाल्लं, आणि कोणाला तरी दोष द्यायला सगळे टपलेलेच होते. परत आलो तेव्हा आईला ओढ्यापलीकडे एक खोपट बांधून दिलं. तिचा दगड घ्यायचा नाही, असं सोबाने सांगितलं. दगड नाही म्हणजे शेत नाही, गावात घर नाही, मेल्यावर मातीसुद्धा गावाची नाही. पावसाळ्यात ओढा फुगला की पलीकडून हाकसुद्धा ऐकू येणार नव्हती. मी सोबाच्या दारात जाऊन रडले, भांडले, एकदा तर त्याच्या अंगणातली पाटी लाथेने उडवली. काही उपयोग झाला नाही.

त्यामुळे आकडा अडला ह्याचं मामाला जेवढं दुःख झालं, तेवढं मला झालं नाही. उलट आतून आनंदाची उकळी फुटली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. मामाने सोबा सामुजिमाला सगळं समजावलं. सोबा शहाणा माणूस आहे, पटकन समजला.

"एखादा कमी झाला तर?" त्याने विचारलं.

"तेराशे तीस. पस्तीस आणि अडतीस. छान बसतो."

मग एकेकाची नजर हळूहळू मामाकडे वळली. मामा तेव्हा महिनाभर खोकत होता, आणि हाडांचा सापळा झाला होता.

"माझ्याकडे काय बघता रे मेल्यांनो?" मामा ओरडला. "सुरुंगाला जमलं नाही, तोही अर्धवटच घेऊन गेला. तुमच्या ओळी बसाव्यात म्हणून मी मरू होय?"

लोक हसले. खाली मान घालून हसले, पण हसले.

"आणि एक वाढला तर?" सोबाने विचारलं.

"तेराशे बत्तीस. छत्तीस आणि सदतीस. शेजारशेजारच्या दोन आकड्यांत सामाईक असं कधीच काही नसतं. डोळे मिटून बसतो."

मी ताडकन उभी राहिले. "मग वाढवा. माझी आई आहे ना पलीकडे!"

जो गलका झाला म्हणता! सगळ्यांच्या वर मुतोंबोचा आवाज. ती सहा महिन्यांची पोटुशी होती, एक हात पोटावर, दुसरा माझ्या नाकासमोर. "त्या बाईचा दगड पडला तर माझा मी उचलून नेईन! एक खाल्लं, आता दुसऱ्यावर डोळा आहे का तिचा?"

"गोवराने गेली तुझी मुलगी! गोवराने!" मी ओरडले. "दहा जणांनी सांगितलं तुला, तरी..."

"चिलोंबो, बस खाली," सोबा म्हणाला. तो जरा वेळ मुतोंबोच्या पोटाकडे बघत राहिला. मग मामाला म्हणाला, "साकाउंबा, माणूस नसताना दगड ठेवता येत नाही, बरोबर?"

"बिनमाणसाचा दगड मरण बोलावतो."

"पण जागा? दगड न ठेवता नुसती जागा सोडली तर? मुतोंबोचं बाळ पावसाळ्यात येईल. छत्तीस-सदतीस मांडा, आणि त्याची जागा मोकळी ठेवा. रेघ जाईल की नाही?"

मामाने दाढी खाजवली. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. "रेघ जाईल," तो म्हणाला. "मोकळ्या जागेला कोणी मनाई केल्याचं मी ऐकलेलं नाही."

सभा उठली. मी मामाच्या मागे धावले. "तुझी सख्खी बहीण आहे ती! एक वाक्य फिरवून बोलता आलं नाही तुला?"

"आकड्याबद्दल खोटं बोलू?"

"बोलायचं!"

"मग उद्यापासून कोण विश्वास ठेवेल? तुझ्यावर तरी कोण ठेवेल?" त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "जागा मोकळी ठेवता येते असं सोबा स्वतःच्या तोंडाने म्हणाला, एवढं ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. पण त्याचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला. एक जागा मोकळी ठेवता येते, तर दोन का नाही? तेराशे तेहतीस!

मी ओढ्याच्या काठी ओल्या वाळूत जाऊन बसले. आता सगळं ह्या एका आकड्यावर होतं. तेराशे तेहतीस फुटलाच नाही, कोणाचाच निघाला नाही, तर तो फक्त एका सरळ ओळीत मांडता येतो, आणि तसं कोणी मांडू देणार नाही. मग आई गेलीच. मामा बाजूला दगडावर टेकला. "छत्तिसाच्या पुढे जाऊ नकोस," तो म्हणाला. "त्याच्यापुढे तेच जोडीदार उलटे फिरून येतात."

दोन, तीन, पाच, झटपट गेले. कोणीच भागत नव्हतं. साताचे तीन उरले. अकराचे दोन. तेराला सात उरले, सतरालाही सातच. एकोणीसला परत तीन.

"चौदा का नाही करत?" मामाने विचारलं.

"साताने गेला नाही तर चौदाने कसा जाईल? मला काय खुळी समजतोस?"

"परीक्षा घेतली," मामा म्हणाला.

तेविसावर मी अडखळले. तेवीस अठ्ठावन्न होतात तेराशे चौतीस. एकाने चुकला! मी परत केला, परत एकानेच चुकला. मी मूठभर वाळू उचलून ओढ्यात भिरकावली. मग एकोणतीस. एकोणतीस शेहेचाळीस. तेराशे चौतीस! हाही एकानेच!

"थट्टा चालवलीय माझी," मी म्हटलं. "देवांनी बसून ठरवलंय की म्हातारीला बाहेरच ठेवायचं."

"देवांना एवढा वेळ नसतो. राहिलं कोण?"

"एकतीस. एकच राहिलाय."

"मग कर ना."

मला करवेना. जोपर्यंत करत नाही तोपर्यंत तो भागण्याची आशा होती. मी ओढ्यापलीकडे पाहिलं. आईच्या खोपटातून धूर निघत होता, एकटीपुरता, बारीक. मी दात आवळले आणि मांडलं. एकतीस चाळीस, बाराशे चाळीस. उरले त्र्याण्णव. एकतीस त्रिक...

"त्र्याण्णव!" मी किंचाळले. "मामा, एकतीस आणि त्रेचाळीस! तेराशे तेहतीस!"

"किंचाळू नकोस. दोघांत सामाईक काही आहे का, ते बघ आधी."

त्याने शिकवलेल्या रीतीने मी मोठ्यातून लहान काढत गेले. त्रेचाळिसातून एकतीस गेले, बारा. एकतिसातून बारा दोनदा गेले, सात. बारातून सात गेले, पाच. सातातून पाच गेले, दोन. पाचातून दोन दोनदा गेले, एक. शेवटी एक उरला. म्हणजे रेघ एकच.

मामाने नाक पुसलं आणि ओढ्यापलीकडे बघत बसला. त्याचीही ती बहीणच होती.

मी तशीच ओल्या पायांनी सोबाकडे गेले. तो कसाव्याच्या पिठाचा शिमा खात होता. मी म्हटलं, "एकतीस आडव्या, त्रेचाळीस उभ्या. दोन जागा मोकळ्या. एक मुतोंबोच्या बाळाची, एक माझ्या आईची."

"छत्तीस-सदतीस ठरलंय."

"मग काठी तू धर. नाहीतर मुतोंबोला दे."

सोबाने घास खाली ठेवला. "मला धमकी देतेस?"

"धमकी कसली? मी रेघ ओढणार नाही एवढंच सांगते. आणि पेरणीच्या आत दुसरा रेघ ओढणारा मिळाला तर मलाही दाखव, मी त्याच्या पाया पडेन."

तो हसला. फार गोड हसू नव्हतं ते. "मोकळी जागाच हवी ना तुला? घे. मोकळी जागा कोणाला चावत नाही. पण ती मोकळीच राहील, चिलोंबो. दगड पडणार नाही. छावणीत ज्यांची पोरं गेली त्या आयांना मी शब्द दिलाय."

त्याहून जास्त काही मिळणार नव्हतं. मी हो म्हटलं.

आईला सांगायला गेले तेव्हा ती कसाव्याचे कंद सोलत होती. आमच्यात आईला मुलाच्या नावाने हाक मारतात. तिला सगळे नाचिलोंबो म्हणतात, चिलोंबोची आई. गावाबाहेर काढली तरी नाव माझंच लावून बसली होती बिचारी. मी तिला सगळं सांगितलं, एकतीस, त्रेचाळीस, मोकळी जागा. मला वाटलं ती खूश होईल.

"मोकळ्या जागेचं मी काय करू?" ती म्हणाली. "तिच्यात झोपू? की तिच्यात पेरू?"

"अगं, निदान रेघेच्या आत तरी..."

"कोण आत? जागा आत. मी इथेच." तिने सुरी खाली ठेवली. "माझ्यासाठी दारोदार फिरतेस ते बंद कर. तुझ्या आकड्याला एक खुंटी कमी पडली म्हणून मला ठोकणार? मी दगड नाही, चिलोंबो."

मला इतका राग आला! एवढी मरमर करून ही बाई वर मलाच बोलते. मी तिला वाट्टेल ते बोलले, तीही बोलली, आणि मी न जेवता परत आले. ओढा ओलांडताना मात्र रडू आवरलं नाही.

दगड मांडायला सगळं गाव राबलं. दोन्ही मोकळ्या जागा कडेला ठेव, कोणाच्या डोळ्यांत येणार नाहीत, असं सोबाचं म्हणणं होतं. मी म्हटलं, कडेला दगडच नसेल तर वळायचं कशाभोवती? हे अर्धंच खरं होतं. मी त्या बरोबर मधोमध ठेवल्या, एकमेकींना लागून. मुतोंबोने ते पाहिलं आणि थुंकली.

रेघेच्या दिवशी सकाळी सगळे मैदानाच्या चारही बाजूंना बसले. मामा कुबडीवर हनुवटी टेकून कोपऱ्यात होता. मी ओढ्याकडच्या कोपऱ्यावर काठी टेकवली, श्वास घेतला आणि निघाले.

सुरुवातीला पाय आपोआप पडतात. उजवीकडे दगड, डावीकडे दगड, मधून काठी. कड, वळण, परत तिरकं. आपलीच आधीची रेघ आडवी येते, ती ओलांडायची. कुठे चाललोय ह्याचा विचार करायचा नाही, फक्त पुढचे दोन दगड बघायचे. मामा म्हणायचा, ज्याने पूर्ण चित्र डोळ्यांसमोर आणलं तो हरवला.

पण मधोमध दगडच नव्हते. त्या दोन जागांच्या मधून जायची पहिली वेळ आली, आणि दोन्ही बाजूंना नुसती सपाट वाळू. मधोमध म्हणजे नेमकं कुठे? काठी भरकटतेय असं वाटलं. एवढीशी चुकली तर पुढच्या दगडाच्या भलत्या बाजूने निघेन आणि सगळं संपेल. मी पलीकडच्या दगडावर नजर रोखली आणि पाय टाकला. बरोबर निघाले. पाठीवरून घाम वाहत होता.

आणखी बरीच वळणं झाली. ऊन चढलं. मग लोकांत कुजबुज सुरू झाली, ती वाढत गेली. मला थांबता येत नव्हतं की मागे बघता येत नव्हतं. पुढच्या कडेला वळताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

आई होती. हातात काठी, कमरेला तिचं ते विटलेलं निळं कापड. ओढ्याकडच्या कोपऱ्यातून, जिथून मी निघाले होते तिथूनच, ती आत शिरली होती आणि माझ्या रेघेवरून चालत होती. रेघेच्या बाहेर एक पाऊल नाही. मी जिथे वळले होते तिथे ती वळत होती, जशी मी लहानपणी शेताच्या वाटेवर तिच्या पावलांत पाऊल टाकत चालायचे तशी.

"धरा तिला!" कोणीतरी ओरडलं. दोन-तीन जण उठले.

"खबरदार!" हा मामाचा आवाज. एवढा आवाज त्याच्या छातीत उरला असेल असं मला वाटलं नव्हतं. "आत पाय टाकाल तर रेघ पुसेल! ज्याच्या पायाने पुसेल, गाव त्याच्या नावाने फुटेल!"

"मग ती आत गेली ते चालतं?" उठलेल्यांतला एक म्हणाला.

"तिने एक तरी रेघ मोडली का? दाखव मला कुठे मोडली ते. रेघेवरून चाललीय ती."

कोणी पुढे झालं नाही. मी चालत होते. परत मधोमध आले तेव्हा आई तिथे बसलेली होती. तिच्या जागेत, गुडघे छातीशी घेऊन, होईल तेवढी लहान होऊन, म्हणजे चारही बाजूंनी माझी काठी जाऊ शकेल. हातात दगड नव्हता. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. मी तिच्या इतक्या जवळून गेले की तिच्या अंगाचा धुराचा वास आला, आणि माझे डोळे भरून आले. समोरचं दिसेना. एका हाताने डोळे पुसत, दुसऱ्याने काठी दाबून धरत मी पुढच्या कडेपर्यंत कशी पोचले ते मलाच माहीत नाही. पण आता त्या जागेपाशी चुकण्याची भीती नव्हती. तिथे माणूस होतं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा रेघ ओढ्याकडच्या कोपऱ्यात, जिथून निघाली होती तिथे येऊन मिळाली. एकही दगड उघडा नव्हता. मी काठी धरून तशीच उभी राहिले.

सोबा उठला. त्याचा चेहरा काळवंडला होता. "कोणी बाहेर राहिलं का?" त्याने विचारलं.

कोणी उत्तर दिलं नाही.

"आधी त्या बाईला उठवा," मागून एक जण म्हणाला.

"उठवा की," मामा म्हणाला. "पण जी रेघ तिच्याभोवती आहे, तीच मुतोंबोच्या बाळाभोवती आहे. तीच तुझ्याभोवती, तुझ्या बायकोभोवती. दुसरी रेघ नाहीच इथे. तिची पुसायची तर सगळ्यांची पुसा आणि परत आपापल्या जंगलात जा."

सोबाने कपाळावरचा घाम पुसला. आई समोर बघत बसली होती, जशी कोणाच्या अंगणात पाहुणी म्हणून आली असावी. शेवटी तो चाचरत म्हणाला, "मग... मग आकडा काय सांगायचा? तेराशे एकतीस दगड, आणि ती. तेराशे बत्तीस?"

"बत्तीस?" मुतोंबो पोट सावरत उठून उभी राहिली. "बत्तीस कसे? आणि माझं पोर? माझ्या पोराची जागा दिसत नाही का तुला? मधोमध सोडलीय, आंधळाही बघेल! तेराशे तेहतीस म्हण!"

म्हणाली आणि थांबली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. सगळ्यांच्याच आलं. माझी आई धरल्याशिवाय तेहतीस होतच नव्हते. मुतोंबो तशीच उभी होती, तोंड अर्धवट उघडं, डोळे त्या दोन जागांवर. एकीत म्हातारी, दुसरीत नुसती वाळू. मला वाटलं आता ती शब्द मागे घेईल.

"तेराशे तेहतीस," सोबा हळूच म्हणाला. "कोणी बाहेर राहिलं का?"

"कोणी नाही," मुतोंबो म्हणाली. शिवी द्यावी तशा आवाजात म्हणाली, आणि तोंड फिरवून खाली बसली.

मग सगळे म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, तिसऱ्यांदा इतक्या जोरात म्हणाले की झाडावरची पाखरं उडाली.

तीनदा म्हणून झालं की रेघेचं काम संपतं, मग ती पुसायचीच असते. फांद्या घेऊन सगळ्यांनी मिळून रेघ झाडायला सुरुवात केली, तेव्हा आईकडे जायची मला मोकळीक मिळाली. मी धावत गेले आणि तिच्यासमोर वाळूत बसकण मारली.

"त्या बाभळीकडच्या वळणावर काठी थरथरली तुझी," आई म्हणाली.

"तुझ्यामुळेच! येणार नाही म्हणालीस ना तू?"

"मी दगड नाही म्हणाले. येणार नाही कधी म्हणाले?" तिने माझा हात धरला. मग ती शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाली, "जा, त्या मुतोंबोला सावलीत बसव. तिला सांग, मी तिच्या पोराच्या जागेला हात लावलेला नाही."

मी उठले आणि मुतोंबोकडे गेले.